विरी गेलेलं पीठ

सणसर, ता. इंदापूर
३ सप्टेंबर १९९४

ती. आक्का,

गेणबाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मागं कळवलंच व्हतं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी प्रयागाच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आन् वाचा, तिन्ही गेलं. डोळ्यानं समदं बघती, कानानं ऐकती, डावा हात चांगला चालतोय. डाक्टर म्हणला, जिवाला धोका न्हाय, पर पोटात अन्न गेलं पायजे. घोडं तितंच आडलंय.

मोहनची बायको पंधरा दिस ऱ्हायली, मग पोरांची शाळा बुडाया लागली म्हणून पिंपरीला गेली. तवापास्नं भावकीतली धोंडाबाई दोन्ही टायमाला भाकरी धाडती. तुला ठावं हाय, बांधावरच्या बोरीपायी प्रयागाचं न् तिचं बारा वर्सं बोलणं न्हाय. धोंडाबाई इसरली, पर ही न्हाय इसरली. तिची भाकरी दिसली की व्हट अशी मिटती की चमच्यानं उचकटलं तरी उघडत न्हाय. भात दिला तर थुकती. तिच्या लेखी भात लगनात खायाचा न्हायतर आजाऱ्यानं. आन् ती आजारी हाय हे तिला सांगायचं कुणी?

मोहन म्हणला, "आबा, दिवाळीपतुर बघतो. तवर आईच्या अंगावर जरा मांस दिसलं न्हाय तर मी तिला पिंपरीला नेणार." मला न्हाय, तिला. हितं म्हशी हायत, ऊस हाय, आन् त्याच्या दोनच खोल्या. चाळीस वर्सात आमी चार दिसाच्या वर येगळं ऱ्हायलो न्हाय गं.

मला सैपाक येत न्हाय. चहा येतो. तू शिकलेली, येकटी ऱ्हातीस, तुला समदं येत असंल. पत्रातनं शिकीव. भांडी थोडी सांग. चुलीच्या धुरानं तिला ठसका लागतो म्हणून वातीचा स्टो आणलाय.

तुझा
गेणबा

•

बारामती
७ सप्टेंबर १९९४

चि. गेणबा,

आशीर्वाद. बासष्ट वर्षांचा घोडा झालास आणि "चहा येतो" असे कळवतोस. वाचून संताप आला. चाळीस वर्षे त्या बाईने रोज दोन वेळा तुझ्यापुढे ताट ठेवले, त्यात एकदाही वाकून बघावेसे वाटले नाही, हे पीठ भाकरीचे कसे होते?

दोष तुझा एकट्याचा नाही. तीन मुलींवर मी चौथी झाले, म्हणून माझे नाव नकोशी ठेवले. असे नाव ठेवले की पुढे मुलगा होतो म्हणे. आणि झालास! मला पुण्याला मिशनच्या बोर्डिंगात टाकले आणि तुला मांडीवर घेतले. त्या मांडीवर तुला कोणी परात दाखवली असती तर आज ही वेळ आली नसती. असो. बोर्डिंगात नन्सनी माझे नाव सुकन्या केले, मी तिथेच छत्तीस वर्षे मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवले, तेव्हा तुला पिठले शिकवणे अवघड जाऊ नये.

भांडी: एक तवा, एक परात, एक पातेले, एक उलथणे. एवढ्यावर जग जेवते. बाकीचे रॉकेल जाळायचे निमित्त.

पिठले: एक वाटी बेसन आधी गार पाण्यात हाताने कालव, गुठळी राहता कामा नये. पातेल्यात तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, हळद. त्यावर तीन वाट्या पाणी घाल, उकळले की कालवलेले पीठ एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. तिसऱ्या हाताने विडी ओढू नकोस.

भाकरी: दोन मुठी ज्वारीचे पीठ, चिमूटभर मीठ, कोमट पाणी. तळव्याने घासून घासून मळ. मग परातीत कोरडे पीठ पसरून थाप. तव्यावर टाकलीस की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरव, पाणी सुकले की उलट.

आणि दळणासाठी आठवड्याला गिरणीच्या फेऱ्या घालू नकोस. आजारी माणसाला एकटे टाकून जाणे हा मूर्खपणा आहे. आमच्या वसतिगृहात पीठ महिन्याचे एकदम येई, डब्यांवर तारखा असत. दोन महिन्यांचे एकदाच दळून आण. याला नियोजन म्हणतात.

आक्का

•

सणसर
१९ सप्टेंबर १९९४

ती. आक्का,

नमस्कार. तू म्हणलीस तसं चार पायल्या जुंधळा येकदम दळून आणला. गिरणीवाला सर्जेराव म्हणला, "काय आबा, लगीन काढलंय का घरात?" म्या म्हणलं, "न्हाय गड्या, शिकलेल्या बहिणीचं नियोजन हाय." बाया तोंडाला पदर लावून हसत व्हत्या. हसू द्यात.

पिठलं पहिल्या डावाला गोटीवानी झालं, ते कुत्र्यानंबी हुंगून सोडलं. तिसऱ्या डावाला जमलं. भाकरी येका अंगाला जाड, येका अंगाला पातळ, कडंला तर वढ्याचं काठ. प्रयागा बघत व्हती. व्हटाच्या डाव्या कोपऱ्यात हसली आक्का! वारं गेल्यापास्नं पहिल्यांदा. म्या भाकरी दुधात कुस्करली आन् चमचा फुडं केला, तर तिनं तोंड उघडलं. चतकोर खाल्ली. दुसऱ्या दिशी निम्मी.

मला तर हत्तीवरनं साखर वाटावी वाटली. दिवाळीपतुर तिच्या अंगावर मांस न्हाय दिसलं तर नाव बदलीन.

शनवारी तिचं औषिध न्यायला बारामतीला येतोय. दुपारचं जेवाया तुझ्याकडंच. तुझ्या हातची भाकरी खाऊन बघतो, म्हंजी माझं कुठं चुकतंय ते कळंल.

गेणबा

•

बारामती
२५ सप्टेंबर १९९४

चि. गेणबा,

काल ब्रेड-लोणी दिले म्हणून तू पायरी उतरताना "आक्का, सायबाचं जेवण झालं" असे पुटपुटलास, ते मला ऐकू आले. माझे कान अजून शाबूत आहेत. स्टोव्ह बिघडला होता असे सांगितले ना? पुन्हा विषय नको.

"तूच चार दिस सणसरला ये, हातानं दाखीव" म्हणालास. माझे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत. पत्रात सगळे लिहिले आहे, पुन्हा वाच. वर्गातल्या ढ मुलीही तिसऱ्या वाचनाला शिकतात.

प्रयागाने निम्मी भाकरी खाल्ली हे वाचून मात्र बरे वाटले. तिला सांग, तुझी नणंद म्हणाली, शाबास. हे तुला उद्देशून नाही.

आक्का

•

सणसर
८ ऑक्टोबर १९९४

ती. आक्का,

नमस्कार. येक कोडं पडलंय. माझा हात सुधारलाय, समदे म्हणत्यात. सर्जेराव परवा आलता, उभ्यानं बघून म्हणला, "आबा, थापताय तर झ्याक." पर भाकरी बिघडत चाललीया. हात वाईट व्हता तवा जमायची, आता हात बसला तर भाकरी थापताना कडंनं भेगाळती, उचलताना तुटती आन् तव्यावर पडंपतुर तीन तुकडं. मळलेलं पीठ हातात धरवत न्हाय, वाळू मळल्यावानी. जास्त पाणी घातलं तर चिखल.

तुकडं तर तुकडं, दुधात कुस्करायचंच हाय म्हणून दिलं. प्रयागानं येक घास घेतला आन् थुकला. चार दिस झालं, दूध-चहावर हाय. गळ्याची हाडं वर आल्यात.

आणिक येक नवीनच. म्या परात घिऊन बसलो की डावा हात गादीवर ठेवून गोल गोल फिरवती. माझ्याकडं बघती न् फिरवती. मला वाटलं, कूस बदलाया सांगती. म्या तिला या कुशीवर केली, तर डोळं मोठं केलं. त्या कुशीवर केली, तरी त्येच. दिसात धा-धा डाव वळवतोय. पाठीला काय टोचतं का म्हणून गादी झटाकली.

काय करू?

गेणबा

•

बारामती
१२ ऑक्टोबर १९९४

चि. गेणबा,

कोडे वगैरे काही नाही. चार दिवस कौतुक झाले आणि तू ढिला पडलास. पीठ मळताना दम लागेपर्यंत तळव्याने रगडायचे असते. मऊ झाले नाही, याचा अर्थ तू रगडलेच नाहीस. उसाला पाणी देताना बांधावर बसून झोपतोस तसे परातीपुढे बसत असशील. दुप्पट वेळ मळ. पाणी मोजून घाल. भाकरी लहान कर, हाताच्या पंजाएवढी.

हात फिरवणे हा मेंदूच्या विकाराचा भाग असतो, मी वाचले आहे. हाताला चाळा लागतो, त्याला अर्थ नसतो. डॉक्टरांच्या कानावर घाल आणि त्या बाईला पोळपाटावरच्या पोळीसारखी उलटीपालटी करणे थांबव.

दिवाळीला तीन आठवडे उरले आहेत. तुझ्या आळसापायी मोहन तिला घेऊन गेला तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.

आक्का

•

सणसर
२६ ऑक्टोबर १९९४

ती. आक्का,

नमस्कार. आळस न्हाय गं. देवाशपथ सांगतो, हाताची साल निघालीया मळून मळून. तिच्या कपाळाला हात लावून शपथ घेतो. अर्धा घंटा रगडतो. पीठ ऐकत न्हाय. काल चवदा भाकरी मोडल्या. आंबोणात घालून समद्या म्हशीला चारल्या.

धोंडाबाईच्या दारात गेलो, म्हणलं, वैनी, काय चुकतंय ते सांगा. ती यायला निघाली बी, तर हितं प्रयागानं तिला दारात बघून भिताडाकडं तोंड फिरवलं आन् असं रडाया लागली की धोंडाबाई उंबऱ्यातनं माघारी गेली. "मी न्हाय बाई कुणाच्या मरणाला कारण व्हायाची," म्हणली.

हात फिरवायचा थांबत न्हाय. डाक्टरला इचारलं, तो म्हणला, चालतोय तर चालू द्या, व्यायाम हाय. पर आक्का, ती व्यायाम करती असं वाटत न्हाय. परवा तिनं पिठात बोट घातलं, जिभंला लावलं, तोंड कडू केलं आन् परात डाव्या हातानं ढकालली. मग परत गोल गोल. म्या म्हणलं, "काय पायजे सांग की गं!" तर तिनं माझ्याकडं असं बघितलं... म्हशीकडं बघती तसं. मग डोळं मिटून घेतलं. आता म्या परात काढली तरी बघत न्हाय.

मला वाटतंय, माझ्या हातचं नगं झालंय तिला.

मोहन पाडव्याला येतोय. तुझ्याकडं भाऊबीजंला येणं व्हायाचं न्हाय, माफ कर.

गेणबा

•

बारामती
४ नोव्हेंबर १९९४, पाडवा

गेणबा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी हातातले टाक, एक पायली ज्वारी घे आणि गिरणीत जा. घरातले सगळे पीठ म्हशीला घाल. ताज्या पिठाची भाकरी कर. पुढचे नंतर वाच.

आता वाच.

ज्वारीच्या पिठाला विरी असते. विरी म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा. आठ-दहा दिवसांत ती जाऊ लागते. मग आधणाचे पाणी घालून कशीबशी भाकरी थापता येते, आणि महिन्यानंतर ब्रह्मदेव आला तरी त्या पिठाची भाकरी होत नाही. चव कडू होते. हे सणसरच्या शेंबड्या पोरीला ठाऊक असते. मला नव्हते. आमच्या वसतिगृहात महिन्याचे पीठ येई ते गव्हाचे. तुझ्या हातात काही दोष नव्हता. दोष चार पायल्यांत होता, आणि त्या चार पायल्या माझ्या.

प्रयागा हात फिरवते ते जाते फिरवते. दळ, म्हणते. महिनाभर ती बाई मुक्याने बरोबर उत्तर सांगते आहे, तू तिला कुशीवर वळवतोस आणि मी त्याला विकार म्हणते.

हे मला कळले असे समजू नकोस. मला दोन वेळा डबा येतो, दगडाबाई नावाच्या बाईचा. बारामतीला आल्यापासून येतो. स्टोव्ह बिघडला नव्हता, माझ्याकडे स्टोव्हच नाही. तवा नाही. तुला लिहिलेली प्रत्येक ओळ मी डब्याच्या वेळी दगडाबाईला विचारून लिहिली आहे. तिने पीठ ताजे हवे असे सांगितले नाही, कारण ज्वारी दोन महिन्यांची एकदम दळणारा माणूस तिने आयुष्यात पाहिलेला नाही. मी एकही भाकरी कधी थापलेली नाही, गेणबा. ज्या वयात मुली थापतात त्या वयात मी टेबलाशी बसून काट्याने उकडलेला बटाटा खात होते.

तुझे सव्वीस तारखेचे पत्र सोमवारी आले. माझे डोळे भरले म्हणून दगडाबाई डबा खाली ठेवून विचारायला लागली, तेव्हा मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवले. हात फिरवण्याशी आले तशी ती ओरडलीच, "अवो बाई, दळाया सांगतीया ती! जात्याचा खुटा हाय तिच्या हातात! किती दिसाचं पीठ हाय त्ये?" मी सांगितले. तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आन् तुमी मास्तरीन?"

सोमवारी. आज शुक्रवार आहे. सोमवारीच पत्र टाकले असते तर ते बुधवारी तुझ्या हातात असते. मी चार वेळा लिहिले आणि चार वेळा फाडले. दर वेळी विरीचे लिहून झाले की पुढचे लिहावे लागू नये अशी काही युक्ती सापडते का, ते शोधत बसले. सणसर इथून एसटीने तासाभरावर आहे. गुडघे दुखतात हे खरे, पण मी आले नाही ते त्यापायी नाही. आले असते तर तू परात माझ्यापुढे सरकवली असतीस.

मोहन आला असेल. त्याला म्हणावे, आठ दिवस थांब. म्हणावे, आत्याने सांगितले आहे.

आक्का

•

सणसर
१७ नोव्हेंबर १९९४

ती. आक्का,

नमस्कार. तुझं पत्र सोमवारी पोचलं. मोहननं आयतवारीच तिला नेली. जीप केलती, मागच्या शीटवर गादी टाकून. तिनं दार सोडताना चुलीकडं बघितलं, माझ्याकडं न्हाय.

पत्र वाचलं आन् राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिस तुझं तोंड बघू नये असं वाटलं. पर राग यायच्या आधी तू सांगितलं तसं केलं. गिरणीत सर्जेराव म्हणला, "आबा, आता पायलीच? नियोजन मोडलं का?" घरी येऊन भाकरी थापली. आक्का, येका हातात उचलली तर चंद्रावानी आखी! तव्यावर टाकली तर टम्म फुगली. म्या मोठ्यानं म्हणलं, "बघ गं!" आन् मागं वळलो तर रिकामी बाज.

चार भाकरी फडक्यात बांधल्या, भिगवणला जाऊन गाडी धरली. पुणं, तितनं पिंपरी, मोहनचा तिसरा मजला. ती खिडकीपशी पडली व्हती. सून मिक्सरमधनं काढलेली खिचडी भरवत व्हती, तोंड मिटलेलं. म्या फडकं सोडलं. तिनं आधी वास घेतला. मग भाकरी डाव्या हातात घेतली, बोटानं दाबली, कड मोडून बघितली, जशी बाजारात वांगी बघती. कडंनं येक तुकडा मोडला आन् कोरडाच तोंडात घातला. दूध नगं, काय नगं. आक्का, आख्खी भाकरी खाल्ली तिनं. घंटाभर खात व्हती. मोहन खिडकीकडं तोंड करून उभा ऱ्हायला. मग म्हणला, "आबा, हे आधी का न्हाय?"

तुझं नाव न्हाय घेतलं. म्हणलं, मला येत नव्हतं.

पर तो तिला माघारी धाडत न्हाय. म्हणतो, "तुमच्याकडं ती दोन म्हैन्यात निम्मी झाली." निम्मीच झालीया. तितं रोज मालिशवाली बाई येती, डाक्टर खालच्या मजल्यावर. त्याचंबी चुकत न्हाय. आन् म्हशी सोडून मला तितं ऱ्हाता येत न्हाय. सून म्हणली, "मामांजी, मला भाकरी शिकवा." शिकवून आलो. तिची थापताना फाटती, पर पोरगी मन लावती. पीठ चार दिसाचंच दळायचं, हे पहिलं सांगितलं.

राग गेला गाडीत. ध्यानात आलं, तुला तरी भाकरी शिकवायची कुणी? आईनं शिकवायच्या वयात तू बोर्डिंगात, आन् मांडीवर मी. म्हणून तुला येत न्हाय आन् त्याच मांडीपायी मलाबी येत नव्हतं. दोघांचं येकच.

आता हितं येकट्यापुरती पायली दळलेली हाय, त्याला आज धा दिस झालं. विरी जाया लागलीया. टाकवत न्हाय.

येक गोष्ट सांगायची ऱ्हायली, त्येच्यासाठीच पत्र लिवलं. पिंपरीसनं निघताना म्या तिच्यापशी वाकलो, तर तिनं सदऱ्याची बाही धरली. लई वेळ. मग सोडली, आन् गादीवर हात ठेवून गोल गोल फिरवला. येकदाच. आन् माझ्याकडं बघितलं.

म्हंजी "मोहनच्या घरी पीठ शिळं व्हतंय, तेवढं दळून दिऊन जा" म्हणली, का "दळून घिऊन परत ये" म्हणली? म्या वाटंनं समदं इचार केला, पर माझं बघणं आजवर चुकतच आलंय. तुलाबी कळायचं न्हाय.

तू येवढं कर. दगडाबाई डबा घिऊन आली की तिला इचार, आन् ती काय म्हणती त्ये येक अक्षर न बदलता कळीव.

तुझा
गेणबा